पाण्याकडे पाय केलेली बाई

१

कवटी नव्हती.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. ताडपत्री नीट पसरलेली, कडेने दगड ठेवलेले, त्याखाली ओलं कापड आणि कापडाखाली आमची बाई. बरगड्या, हात, कंबर, लांब सरळ पाय, गळ्याशी अंबर या दगड झालेल्या डिंकाचे पिवळे मणी आणि सगळ्यावर गेरूचा लाल थर. फक्त मान संपते तिथून पुढे वाडग्याएवढा खड्डा होता. जबड्यासकट अख्खं डोकं, भोवतालच्या मातीसह, कुणीतरी कापून नेलं होतं.

एस्बेन विंटर हा आमच्या उत्खननाचा प्रमुख. सहा फुटी गडी, चाळिशी ओलांडलेला, पण त्या सकाळी चराच्या काठावर लहान पोरासारखा मटकन बसला.

"रग्नहिल्ड, मला दिसत नाहीये, की खरंच नाहीये?"

"खरंच नाहीये," मी म्हणाले.

मी या उत्खननावरची चित्रकार. जमिनीतून जे निघतं ते हुबेहूब कागदावर उतरवायचं, हे माझं आयुष्यभराचं काम. दोन दिवस मी त्या बाईचं एकेक हाड रेखाटत होते. वय वीस-पंचवीस असावं. आमची टेकडी म्हणजे खरं तर एक उकिरडा. साडेसहा हजार वर्षांपूर्वी लोक इथे बसून कालवं खायचे आणि शिंपले मागे फेकायचे, त्याचा हा डोंगर झाला. उकिरड्यात राणी सापडली म्हणून एस्बेन नुसता नाचत होता. शिंपल्यांच्या चुन्यात हाडं टिकतात हे आम्हाला ठाऊक होतं, पण ही इतकी छान टिकली होती की कालचीच वाटावीत.

त्या दिवशी दुपारी राजधानीतून हाडांच्या तज्ज्ञ येणार होत्या. डोकं आम्ही मुद्दामच साफ केलं नव्हतं. तोंडात, डोळ्यांत माती तशीच ठेवून ते मातीसकट उचलायचं आणि प्रयोगशाळेत उघडायचं, अशी आमची रीत आहे. मग बाई कायमची राजधानीत जाणार होती. त्यावरून एस्बेनने आठवडाभर फोनवर भांडणं केली होती. "ती इथली आहे, इथेच राहील," हे त्याचं वाक्य अख्ख्या गावाने ऐकलं होतं.

आता त्याच वाक्याचा फास होणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. फोन केल्यावर संग्रहालयाच्या संचालकांनी सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. संध्याकाळपर्यंत कवटी सापडली नाही तर उत्खनन बंद आणि एस्बेन घरी, एवढंच म्हणाले. त्याच्या सगळ्या जन्माची कमाई त्या वाडग्याएवढ्या खड्ड्यात गेली होती.

२

पोलिसांकडून विबेके लुन आली. बुटकी, पन्नाशीची, सतत ज्येष्ठमधाच्या खारट गोळ्या चघळणारी. चराच्या काठावर उकिडवी बसून तिने बराच वेळ नुसतं पाहिलं.

"हे मणी महाग असतील ना?"

"एकेक मणी घेऊन संग्राहक वेडे होतील," एस्बेन म्हणाला.

"मग चोराने ते का ठेवले?"

तिने ओल्या कापडाला बोट लावलं.

"हे कापड कोण भिजवतं?"

"आम्हीच. काम संपवताना," मी म्हणाले. "हाडं सुकली की तडकतात."

"काल संध्याकाळी भिजवलेलं कापड या वाऱ्यात सकाळपर्यंत एवढं ओलं राहील?"

मी कापड पिळलं. पाणी टपकलं. चोराने डोकं नेलं होतं आणि जाताना उरलेल्या बाईवर पुन्हा पाणी शिंपडून, तिला झाकून, दगड ठेवले होते.

"असा काळजीवाहू चोर मी पहिल्यांदाच पाहतेय," विबेके म्हणाली. "हा तुमच्यातलाच आहे."

एवढ्यात क्रेस्टन ओवरगोर ट्रॅक्टरवरून उतरला. टेकडी त्याची. त्याला तिथे सुट्टीतल्या पाहुण्यांसाठी लाकडी घरं बांधायची होती, आणि बांधायच्या आधी जमीन आमच्याकडून तपासून घ्यायची असा कायदा आहे, त्यामुळे तो आमच्यावर कायम खार खाऊन असायचा. जिथे बाई सापडली तो कोपराही आम्ही निवडलेला नव्हता. त्याच्या पहिल्या घराचा पाया तिथे येत होता, म्हणून आम्ही खणलं.

"काय रे, हरवली का तुझी राणी?" तो दात काढत म्हणाला. "तुमच्या घराण्याला बायका टिकतच नाहीत बघ. तुझी आईसुद्धा इथलं खोदकाम अर्धवट टाकून नॉर्वेच्या बोटीवर चढली, खलाशाचा हात धरून!"

"क्रेस्टन, तोंड आवर," मी ओरडले.

हा टोमणा एस्बेनने शाळेपासून ऐकलेला होता. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा, आजीने वाढवलेला. एखादी गोष्ट हजारदा ऐकली की माणूस तिच्यावर हसायला शिकतो, तसा तो हसायचा.

"चोरीचं मला विचारू नका," क्रेस्टन विबेकेला म्हणाला. "पण पहाटे गाईंचं दूध काढत होतो तेव्हा टेकडीखाली एक गाडी उभी होती. हिरवी. मागचा दिवा फुटलेली."

आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी एस्बेनकडे पाहिलं. गावात तशी गाडी एकच होती.

३

"गाडी तुझी?" विबेकेने विचारलं.

"माझी."

"पहाटे तू इथे होतास?"

"नाही."

"मग गाडी कोण चालवत होतं?"

मी एस्बेनला कोपराने ढोसलं, डोळे वटारले, काही उपयोग झाला नाही. ओठ घट्ट मिटून तो बुटांकडे पाहत राहिला. इतका शिकलेला माणूस इतका गाढव कसा असू शकतो, या विचाराने मला रडू यायला लागलं.

"हे बघ," विबेके शांतपणे म्हणाली, "बाई इथून जाऊ नये ही तुझी इच्छा. कामातला माणूस तू. गाडी तुझी. आणि तू तोंड उघडत नाहीस. माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?"

"तुला जे करायचं ते कर," एस्बेन म्हणाला.

तिने त्याला तिच्या गाडीत बसवलं. अटक नव्हती, पण क्रेस्टनने त्याचा फोटो काढलाच. संध्याकाळपर्यंत तो गावभर फिरणार होता.

प्राध्यापक थोरकिल्ड ब्रो तेवढ्यात आपली घडीची खुर्ची घेऊन पायवाटेने वर आला. ऐंशीला टेकलेला, ताठ कण्याचा. चाळीस वर्षांपूर्वी ही टेकडी पहिल्यांदा त्यानेच खणली. हरणाच्या शिंगावर कोरलेली ती प्रसिद्ध नक्षी इथेच त्याला मिळाली, आमच्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर तिचं चित्र असतं. आमच्याकडे राजघराणं सोडलं तर सगळ्यांना अरे-तुरे चालतं, पण थोरकिल्डला तू म्हणताना मला अजूनही जीभ चावावीशी वाटते. एस्बेनला त्यानेच घडवलं. बिनआईच्या पोराला खोदकामाची पहिली थापी दिली, पुस्तकं दिली, विद्यापीठात नेलं.

"एस्बेन कुठाय?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. चराकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"त्याला सोडा," तो विबेकेला म्हणाला. "तो पोरगा मुंगी मारणार नाही."

"मुंगी मेलेली नाही, डोकं चोरीला गेलंय. तू काही पाहिलंस?"

"मी म्हातारा माणूस. झोपलो होतो." खुर्ची न उघडताच तो परत फिरला. पाठीमागून पाहताना तो एकदम म्हातारा वाटला. मला त्याची दया आली. आज ते आठवलं की स्वतःचाच संताप येतो.

४

विबेके माझ्या तंबूत आली. मी तिला कॉफी दिली, काळा पाव आणि हेरिंग मासळी पुढे केली. तिने गोळी तोंडातून काढून कागदात ठेवली आणि खायला बसली.

"मला चित्रं दाखव. आणि मी अडाणी आहे असं समजून बोल."

मी बाईचं चित्र पसरलं. तिने ते उलटसुलट फिरवलं.

"चोराला मणी नकोत, हाडं नकोत. फक्त डोकं हवंय. डोक्यात असं काय असतं जे बाकीच्या अंगात नसतं?"

"चेहरेपट्टी. दात."

"आज दुपारी ते उघडणार होतं. म्हणजे कुणालातरी ते उघडायला नको होतं." ती घास चावत राहिली. "बरं, ही अशी पूर्वेकडे पाय करून का झोपलीय?"

"पाय पाण्याकडे. उठून थेट होडीत बसता यावं म्हणून. ओंडके कोरून होड्या करायचे हे लोक. ही रीत थोरकिल्डनेच प्रथम ओळखली, दुसऱ्या गावांतल्या कबरींवरून."

"म्हणजे ही खाडीकडे पाय करून आहे." तंबूच्या दारातून पूर्वेची निळी खाडी दिसत होती. "मग इथे सापडलेल्या बाकीच्या कबरी? त्याही अशाच?"

"नाही. त्या आम्हाला अलीकडे सापडल्या, सगळ्या पश्चिमेकडे पाय केलेल्या. त्या काळी पाणी तिकडे होतं, जिथे आज क्रेस्टनच्या गाई चरतात. पूर्वेला तेव्हा डोंगर होता, समुद्राने तो नंतर हळूहळू खाल्ला. काही वर्षांपूर्वी गाळ तपासला तेव्हा आम्हाला हे कळलं. त्याआधी सगळे समजायचे की..."

मी थांबले. हातातली कॉफी सांडली आणि पोळलेलंही मला कळलं नाही.

"की काय?" विबेकेने विचारलं.

"की पाणी आज जिथे आहे तिथेच तेव्हाही होतं."

"मग तुमच्या राणीला पूर्वेकडे पाय करून कुणी झोपवलं?"

एस्बेन म्हणाला होता, ही अपवाद आहे, हिच्यावर मी मोठा लेख लिहिणार. मीही मान डोलावली होती. दोन दिवस पायांची ती दिशा मी स्वतःच्या हाताने कागदावर आखली आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना आपलं पाणी कुठे आहे हे माहीत नसणं शक्यच नव्हतं.

"पाण्याकडे पाय करायची रीत ज्याला माहीत होती," मी अडखळत म्हणाले, "पण पाणी कुठे होतं हे माहीत नव्हतं... अशा माणसाने."

"म्हणजे तुमच्याच धंद्यातल्या माणसाने, गाळ तपासण्याच्या आधी," विबेके म्हणाली. "ही कबर जुनी नाही, रग्नहिल्ड."

मी त्या बाईच्या बरगड्यांवर ब्रश फिरवला होता. काम करताना तिच्याशी गप्पा मारल्या होत्या. ती माझ्याच काळातली कुणीतरी होती!

"त्या पहिल्या उत्खननात ही रीत जाणणारे किती जण होते?"

"एकटा थोरकिल्ड. बाकी सगळी शिकाऊ मुलं. रीतीबद्दल त्याने लिहिलं ते नंतर. आणि तो कोपरा... तिथे काही नाही, खणू नका, असं तोच एस्बेनला सांगत होता. क्रेस्टनचा पाया आडवा आला म्हणून नाइलाज झाला."

"त्या मुलांपैकी कुणी हरवलं होतं?"

"हरवलं कुणी नाही. एस्बेनची आई, हेले, ती पळून..." मी चित्राकडे पाहिलं. "ती बोटीवर चढली."

"चढताना पाहिलं कुणी?"

ही गोष्ट मी एस्बेनच्या आजीच्या तोंडून ऐकली होती. बंदरावर लेकीला खलाशाबरोबर पाहिलेला एकच साक्षीदार होता, आणि त्याच्यासारख्या मोठ्या माणसावर अविश्वास कोण दाखवणार?

"थोरकिल्डने," मी म्हणाले.

५

थोरकिल्डच्या घरी एस्बेनला नेऊ नको असं मी विबेकेला विनवलं, पण तिने ऐकलं नाही. तिने वाटेत त्याला एवढंच विचारलं, "गाडी थोरकिल्डकडे होती ना?"

तो दचकला. मग हळूच म्हणाला, "त्याची गाडी दुरुस्तीला आहे. हल्ली तो विसरतो, भरकटतो. त्याने म्हातारपणी काही वेडेपणा केला असेल तर... त्याची अब्रू जायला नको. माझ्यासाठी त्याने बापापेक्षा जास्त केलंय."

मी खिडकीबाहेर पाहत बसले. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

थोरकिल्डचं दार उघडंच होतं. तो स्वयंपाकघरात बसला होता, टेबलावर वर्तमानपत्र पसरून. त्यावर धुऊन स्वच्छ केलेली कवटी सुकत ठेवली होती. जबडा शेजारी, दातांची रांग वर करून. मागच्या एका दाढेत राखाडी चकाकी होती. दंतवैद्याने भरलेली दाढ.

एस्बेनने ती पाहिली.

"ही... ही आताची आहे."

"फोडून समुद्रात टाकणार होतो," थोरकिल्ड म्हणाला. "जमलं नाही. आयुष्यात मी एक हाड तोडलेलं नाही."

"बाकीची हाडं तर चरातच होती," विबेके म्हणाली. "ती आताची आहेत हे कधीतरी कळलंच असतं."

"कधीची आहेत ते कळलं असतं. कुणाची, ते दातांवरून लगेच कळतं." त्याने एस्बेनकडे नजर वळवली नाही. "मी आहे तोवर याला कळू नये, एवढंच हवं होतं."

"मला काय कळू नये?" एस्बेन म्हणाला. "थोरकिल्ड, कोण आहे ही?"

विबेके थोरकिल्डला म्हणाली, "तू सांगतोस, की मी सांगू?"

"हेले," थोरकिल्ड म्हणाला.

एस्बेन उभाच राहिला. मी त्याचा दंड धरला होता, तो दगडासारखा घट्ट झाला. मग थोरकिल्ड बोलत सुटला, जणू चाळीस वर्षं कुणीतरी विचारण्याचीच तो वाट पाहत होता. शिंगावरची ती नक्षी त्याने स्वतः कोरली होती. हेलेच्या तीक्ष्ण डोळ्यांना पोलादी सुरीच्या खुणा दिसल्या. उद्या सगळ्यांना सांगणार, असं ती त्याच्या तोंडावर म्हणाली. टेकडीवर तेव्हा दोघंच होती. त्याने तिला ढकललं, ती चरात पडली ती डोक्यावर. दुसऱ्या दिवशी चर बुजवायचाच होता. अंगावरचं सगळं त्याने काढून जाळलं, एक बटणसुद्धा राहू दिलं नाही. उद्या कुणी खणलंच तर जुनी कबर वाटावी म्हणून गेरू टाकला, उत्खननातलेच मणी घातले, पाय पाण्याकडे केले. नकाशात तो कोपरा न खणलेला दाखवला.

"आणि मग बोटीची गोष्ट रचलीस," विबेके म्हणाली.

"हो."

"नालायका!" मी किंचाळले. साठी उलटलेल्या बाईला न शोभणारं आणखीही बरंच बोलले. "त्याच्या आजीने मरेपर्यंत लेकीचं नाव टाकलं होतं! वेश्या म्हणायचे तिला गावात! आणि तू याला मांडीवर बसवून गारगोट्या ओळखायला शिकवत होतास?"

"मला त्याच्यासाठी काहीतरी करायचं होतं," थोरकिल्ड म्हणाला.

एस्बेन पुढे झाला. तो म्हाताऱ्याचा गळा धरणार असं मला वाटलं, विबेकेलाही वाटलं असावं, ती अर्धी उठली. पण त्याने फक्त जबडा उचलला आणि कवटीच्या शेजारून हलवून तिच्याखाली नीट बसवला. हे काम त्याने शेकडो वेळा केलेलं होतं. बोटं आपोआप चालत होती, आणि डोळ्यांतून पाणी गळून वर्तमानपत्रावर पडत होतं.

"मी दोन दिवस तिला राणी म्हणत होतो," तो म्हणाला. "फोटो काढले तिच्याबरोबर."

थोड्या वेळाने बाहेर पोलिसांची दुसरी गाडी आली. विबेकेने थोरकिल्डला उठवलं, कोट दिला. दारापर्यंत गेल्यावर एस्बेनने त्याला हाक मारली.

"ती शेवटचं काय बोलली?"

थोरकिल्डने चौकट धरली.

"भांडण अर्धवट सोडून ती निघाली होती. मी वाट अडवली. ती म्हणाली, बाजूला हो, मला उशीर होतोय." तो थांबला. "तिला आईकडे जायचं होतं. तुला घ्यायला."

त्याला घेऊन गेले. मी स्वयंपाकघरातला नळ सोडून ग्लास भरला आणि एस्बेनच्या पुढे ठेवला. त्याने तो घेतला नाही. दोन्ही हात कवटीच्या दोन बाजूंना ठेवून तो बसला होता.

"रग्नहिल्ड," तो म्हणाला, "म्हणजे ती येत होती."

"हो रे बाळा," मी म्हणाले. "येतच होती."